डाव्या कोपऱ्याची जागा

आमच्या घरात लग्नाच्या वयाची मुलगी नव्हती, तरी त्या उन्हाळ्यात आमच्याकडे रोज कुणी ना कुणी पोरगी बघायला येत होतं. माझ्या थोरल्या लेकीची बारावी झाली होती आणि ती कबड्डी खेळते. खेळते म्हणजे जिल्ह्याच्या संघात डाव्या कोपऱ्याला उभी राहते आणि चढाईला आलेल्या पोरीचा घोटा धरते. धरला की सुटत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. एकदा अंगणात मी तिला म्हणालो होतो, दाखव बरं कशी धरतेस. त्यानंतर बरेच दिवस मी डाळिंबाच्या बागेत लंगडत फवारणी केली आणि विचारणाऱ्यांना गाडीवरून घसरलो म्हणून सांगितलं.

अशा पोरी कॉलेजांना हव्या असतात, हे मला नव्यानं कळत होतं. आमच्या वेळी आपण कॉलेजात जायचो आणि कॉलेजला त्याचा पत्ताही नसायचा. आता कॉलेजच घरी येतं. गळ्यात शिट्टी, अंगात ट्रॅकसूट, आणि बोलणं सगळ्यांचं एकच: फी माफ, बूट-कपडे आमचे, राहायची सोय, पुढं पोलीस भरतीला खेळाडूंच्या जागा असतातच. मी दिवसभर पाठीवर पंप वागवून आलेलो असायचो. समोर बसून मान हलवायचो. या घरात माझं मुख्य काम तेच आहे. ज्या सरांपुढं मान हलवली, ते सर खूश होऊन जायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सरांपुढं मी तितक्याच मनापासून हलवायचो.

घरात खरा शब्द चालतो तो आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा. आबांनी पंचक्रोशीतली किती लग्नं जमवली याचा हिशेब त्यांच्याकडंही नसेल. त्यांची पद्धत ठरलेली. दोन्हीकडची माणसं बसली, बोलणं झालं, आणि पाहुण्यांनी आणलेले पेढे वस्तीवर वाटले गेले, की सोयरीक पक्की. त्यानंतर कुणी मागं सरायचं नाही. लोकांच्या तोंडात पेढा गेला म्हणजे गोष्ट त्यांचीही झाली, असं आबा मानतात.

इंदापूरच्या कॉलेजचे सर आले ते पेढे घेऊनच. बिचारे साध्या मनानं आले होते. पोरीची जिल्ह्याच्या संघात निवड झाली म्हणून तोंड गोड करायला. शिवाय ते आमच्या शेजाऱ्यांचे जावई, म्हणजे एका अर्थानं घरचेच. आबांनी त्यांना विचारलं, मैदान स्टँडपासून लांब का? सर म्हणाले, चालत जाण्यासारखं आहे. आबांनी विचारलं, पोर संध्याकाळी घरी येईल का? सर म्हणाले, रोज येईल. पोरीला खेळवणार का नुसती नेऊन ठेवणार? सर म्हणाले, डावा कोपरा मोकळाच आहे, पहिल्या सामन्यापासून तीच उभी राहील.

“मग दिली,” आबा म्हणाले.

सर जरा गोंधळले. “म्हणजे मी धरून चालू, आबा?”

“धरून काय चालता? दिली म्हणलं की.”

एवढं बोलून आबांनी पेढ्यांचा बॉक्स उचलला आणि स्वतः वस्तीवर वाटायला निघाले. मी मान हलवत होतो. बॉक्समधला एक पेढा खाल्लाही.

पोरगी त्या वेळी सरावाला गेली होती. परत येताना वाटेत शेजारच्या काकूंनी तिच्या हातावर पेढा ठेवला. तिनं खाल्ला आणि मग विचारलं, कशाचा? काकू म्हणाल्या, अगं तुझाच की, तुला इंदापूरला दिली. माझ्या लेकीला स्वतःचं ठरलेलं असं कळलं, तेही पेढा गिळून झाल्यावर. घरात येऊन तिनं बूट काढले, माझ्याकडं एकदा बघितलं आणि आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मीही ओरडून मोकळा झालो असतो.

इकडं बारामतीच्या एका कॉलेजच्या सरांचे फोन चालूच होते. ते काही मागत नव्हते, फक्त एकदा येऊन बघा म्हणत होते. पोरगीही तेवढंच म्हणाली, पप्पा, नुसतं बघून येऊ. आता पेढे वाटून झालेल्या पोरीला दुसरीकडं बघायला न्यायचं, हे आबांना सांगायची माझी छाती नव्हती. मी सांगितलं, ठिबकचं सामान आणायला बारामतीला जातो. आणि खोटं बोललो असं व्हायला नको म्हणून आधी ठिबकचं सामानच घेतलं. त्या पाइपचं भेंडोळं गळ्यात अडकवून मी कॉलेजात शिरलो. रखवालदारानं मला नळदुरुस्तीवाला समजून मागच्या दारानं जायला सांगितलं.

मला तिथलं सगळंच आवडलं. छताखाली मॅट, कपांनी भरलेलं कपाट, मेसमध्ये गरम चपाती. चपाती आवडल्याचं मी दोनदा सांगितलं, तेव्हा पोरीनं माझ्या पायावर पाय दिला. सर मात्र सरळ माणूस निघाले. म्हणाले, खोटं सांगणार नाही, आमची डाव्या कोपऱ्याची मुलगी तयार आहे, अजून दोन वर्षं इथंच असेल. तोवर तुमच्या मुलीला बहुतेक राखीव बसावं लागेल. हे ऐकून मला मनातल्या मनात हलकं वाटलं. चला, प्रश्न मिटला. बसायला कोण येतंय?

पोरगी मॅटच्या कडेला मांडी घालून बसली आणि सराव संपेपर्यंत हलली नाही. मी मधे दोन डुलक्या काढल्या. ती त्या डाव्या कोपऱ्याच्या मुलीकडं बघत होती. माझ्या दृष्टीनं ती मुलगी काहीच करत नव्हती. नुसती वाकून उभी असायची, आणि चढाई करणारी पोर परत फिरली की हिच्या हातात तिचा घोटा असायचा.

येताना भवानीनगरला आम्ही रसवंतीवर थांबलो. ग्लास हातात घेऊन ती म्हणाली, “पप्पा, मला बारामतीला जायचंय.”

“अगं, तितं बसवणार हायत तुला.”

“माहिती हाय.”

“आणि इंदापूरला पहिल्या दिवसापासून खेळवणार हायत.”

“ते पण माहिती हाय.” मग तिनं समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. “मी झेप घेते, पप्पा. ती थांबते. समोरचीचा पाय आपणहून जवळ येईपर्यंत थांबते. मला थांबता येत न्हाय. जिल्ह्यात चालून गेलं. पुढं न्हाय चालणार. मला रोज तिच्याबरोबर सराव करायचाय.”

मी जन्मभर थांबत आलोय, पाणी सुटायची वाट बघत, ऊसतोडणीची टोळी यायची वाट बघत. थांबणं शिकायला कुणी बारामतीला जातं, हे मला नवीन होतं. पण मी मान हलवली. या वेळी तिच्यापुढं.

घरी आल्यावर आबांना मीच सांगितलं. ते आधी समजलेच नाहीत. समजल्यावर म्हणाले, “बसायला जाती? जेवण-खाण सोडून, घर सोडून, बसायला?” मग म्हणाले, “शबूद गेलाय. वस्तीनं पेढं खाल्लंत. माझं थोबाड काय राहिलं?” मी दमून गेलो होतो. आबांचंही खरं होतं आणि पोरीचंही. अशा वेळी मी गोठ्यात जाऊन म्हशीला उगाच वैरण टाकतो. त्या दिवशी म्हशीनंही तोंड फिरवलं.

शेवटी आमची मंडळी बोलली. ती सहसा या पंचायतीत पडत नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, “आबा, समद्यांना पेढा दिलात. जिचा व्हता तिला तेवढं इचारायचं राहिलं.”

आबा जेवले आणि बाजेवर जाऊन पडले. त्यानंतर काही दिवस घरात भांड्यांचेच आवाज होते. मी बागेत गेलो तर आबा घरात, मी घरात आलो तर आबा बागेत. पोरगी पहाटे पळायला जायची, पण बारामतीचं नाव काढायची नाही. प्रवेशाची वेळ जवळ येत चालली होती. मला वाटू लागलं, ती हट्ट सोडून देईल. आणि खरं सांगायचं तर, मला त्याचीच भीती वाटत होती.

मग एका सकाळी आबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून बाहेर आले आणि म्हणाले, “गाडी काढ. पोरीला पण घे.”

गाडीवर तिघं बसून आम्ही इंदापूरला गेलो. आबा मधे. मैदानावर सर एकटेच पाइपनं पाणी मारत होते. आम्हाला बघून हसले. आबा गाडीवरून उतरले ते थेट त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“सर, दिलेला शबूद मागं घ्यायला आलोय. जल्मात पहिल्यांदाच.”

सरांच्या हातातला पाइप तसाच राहिला. एकाच जागी पाणी पडून चिखल व्हायला लागला. “बारामती का?” त्यांनी विचारलं. आबा व्हय म्हणाले. सरांनी पोरीकडं बघितलं. “कोपऱ्यावरची बघितलीस?”

“बघितली, सर. तिच्यासाठीच जायचंय.”

सर पाइप खाली टाकून नळ बंद करून आले. मग म्हणाले, “ती हितलीच. या मातीतली. अकरावीला आली तेव्हा तुझ्यासारखीच झेप घ्यायची. थांबायला मी शिकवली तिला.”

पोरीनं मान खाली घातली. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि मी चिखलाकडं. म्हणजे जे शिकायला पोरगी घर सोडून निघाली होती, ते शिकवणारा माणूस आमच्या अंगणात पेढे घेऊन आला होता, आणि आम्ही त्याला स्टँड किती लांब एवढंच विचारलं होतं. पोरगी म्हणाली, “सर, मग मी हितंच...”

“न्हाय,” सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, नुसता थकलेला होता. “मी सांगू शकतो. पण तिच्यासारखी पोर तुझ्या शेजारी रोज उभी करू शकत न्हाय. आता तू तितंच जा. दरवर्षी एक तयार होती आणि दरवर्षी जाती. सवय हाय मला.”

आबा भांडायच्या तयारीनं आले होते, निदान बोलून घ्यायच्या. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. सर म्हणाले, चहा घेऊन जा. आम्ही स्टँडसमोर चहा घेतला. पैसे कुणी द्यायचे यावर मात्र आबा हटले नाहीत.

आता थंडी सुरू झाली आहे आणि सामने चालू आहेत. सुट्टीच्या दिवशी मी बारामतीला जातो, डबा देतो आणि मॅटच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो. समोरच्या बाजूला माझी लेक राखीव खेळाडूंच्या बाकावर, गुडघ्यावर टॉवेल. ती बसते, मी बसतो. मला अजून खेळातलं फारसं कळत नाही. मागच्या वेळी मी तिला विचारलंच, अगं, पटतंय का तुला हे, इंदापूरला असतीस तर? ती म्हणाली, “माहिती न्हाय, पप्पा. कधी वाटतं चुकले.” आणि लगेच पुन्हा मॅटकडं वळली, कारण चढाई सुरू झाली होती.

घरी पोचलो की आबा बाजेवरून विचारतात, “आज खेळली का?”

“न्हाय आबा. बसलीवती.”

“बरं,” आबा म्हणतात, आणि कूस बदलतात.