इटलीच्या गावात घातलेलं गाऱ्हाणं

इटलीतल्या एका डोंगरी गावाजवळ दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या आपल्या जवानांना मानवंदना द्यायची होती. आमच्या पलटणीची तुकडी जाणार होती. मी तेव्हा हवालदार. माझी निवड झाली.

निघण्याआधी सुट्टीवर नायगावच्या आमच्या चाळीत आलो. समोरच्या खोलीतल्या शालूआत्याला कळलं आणि ती तडक दारात. तिचे वडील तिथेच पडले होते. ते बोटीवर चढले तेव्हा ती आईच्या पोटात होती.

"बाबांका शोध रे," ती म्हणाली. "थंय गाऱ्हाणा घाल. चेडू झाला म्हणान सांग. पत्र पोचायच्या आधीच गेले ते."

गाऱ्हाणं म्हणजे आमच्या कोकणात देवाला, पितरांना मोठ्यानं हाक मारून सगळं सांगायचं. आत्याचं वय ऐंशीच्या पुढे, आणि तिला एवढंच हवं होतं: चेडू, म्हणजे मुलगी झाली, हे बापाला कळावं.

गाव पाहून मी चाटच पडलो. वेशीचे खालचे दगड रोमन लोकांच्याही आधीचे. त्यावर रोमनांची कमान. कमानीवर कुणाचं तरी घर, खिडकीत वाळत घातलेली बनियन! आमची चाळ टॉवरसाठी पाडायला निघालेत, आणि इथे लोक असल्या भिंतीत नांदताहेत. युद्धात तोफांनी गावचा बुरूज पाडला तेव्हा गावकऱ्यांनी तेच दगड वेचून तो पुन्हा रचला, असं गाईड सांगत होता. माझं कुठलं लक्ष? पाय एका जागी ठरत नव्हते.

जवानांच्या कबरस्तानात परेडआधी थोडा वेळ मिळाला. मी रांगांमागून रांगा वाचत पळालो. नाव नाही. पुन्हा पहिल्यापासून. नाही.

"हवालदार! फॉल इन!" सुभेदारसाहेब गरजले.

"साहेब, आमच्या शेजारच्या आत्याच्या वडिलांची कबर सापडत नाही."

"हिंदू होते?"

"हो, साहेब."

"अरे गाढवा, मग कबर कुठली? अग्नी दिला त्यांना. त्यांची नावं त्या पलीकडच्या भिंतीवर. जा. डबल!"

काय ही माझी अक्कल! धावलो. सापडलं. नंबर, हुद्दा, नाव. हात जोडले, पण तोंडून शब्द फुटेना. रडूच कोसळलं, खोटं कशाला बोलू? शेवटी मोबाईल काढून व्हिडिओ कॉल लावला. आत्या दिसली.

"आत्या, तूच घाल गाऱ्हाणं," म्हटलं आणि फोन त्या नावासमोर धरला.

मग तिचा आवाज आला.

"बाबांनू, मी शालू. तुमचा चेडू. म्हातारी झालंय आता. वळाखलात मां?"