नाकाड्या आणि रिकामी बरणी

साप कात टाकतो तसे किस्से टाकता आले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे ते नुसते साठत गेले!

साठच्या दशकात जर्मनीत डार्मश्टाटला विद्यापीठाच्या प्राणिशाळेत मी पिंजरे धूत असे. मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन सैनिकाने आपला पाळलेला साप आमच्याकडे सोडला. हातभर लांब, नाक डुकरासारखं वर वळलेलं. मी त्याला नाकाड्या म्हणू लागलो.

*

आमचा शेवडे तिथे इंजिनियरिंग शिकायचा. नागपंचमीला तो वाटीभर दूध घेऊन आला.

"शेवडे, साप दूध पीत नाही रे."

"दादा, आईला कळवायचंय. दाखवू द्या नुसतं."

त्याने वाटी पुढे केली. नाकाड्याने मान चपटी करून फूत्कार टाकला. नाग समजून शेवडेने हात जोडले. तेवढ्यात नाकाड्या उताणा पडला. तोंड उघडं, जीभ बाहेर.

"दादा, माझ्या हातून नाग मेला हो! तोही आज!"

घाबरला की हा साप मेल्याचं सोंग करतो, हे त्याला समजावेपर्यंत दूध मीच पिऊन टाकलं.

*

थंडी पडली आणि नाकाड्याने जेवण सोडलं. त्याला लागत बेडूक, पण ते आता मातीत दडलेले. मेलेल्या उंदराला तो तोंड लावीना.

प्राणिशाळेचे प्रमुख, जर्मन रीतीने 'हेर प्रोफेसर' म्हणजे प्रोफेसरसाहेब, म्हणाले, "सोमवारपर्यंत वाट पाहू. उपाशी मारण्यापेक्षा बरणीत ठेवलेला बरा."

बरणी म्हणजे स्पिरिटची. मला रात्री झोप लागेना.

*

घरमालकीण फ्राऊ लिंडेच्या ओलसर तळघरात तिचा एक लाडका बेडूक राहायचा. मी तो रोज न्यायचो, मेलेला उंदीर त्याच्या अंगावर घासायचो, म्हणजे उंदराला बेडकाचा वास लागे. संध्याकाळी बेडूक परत.

"हेर साळवी," ती म्हणाली, "रोज उसना नेता, त्याला काही खायला तरी घालता का?"

*

सोमवारी हेर प्रोफेसर नवी कोरी बरणी घेऊन आले. वास लावलेला उंदीर तसाच पडून होता. त्यांनी पिंजऱ्यात हात घातला आणि नाकाड्या उताणा पडला.

"गेला बिचारा."

 मी त्याला हळूच पालथा केला. तो लगेच पुन्हा उताणा!

प्रोफेसरांनी स्वतः पालथा केला. पुन्हा उताणा, जीभ बाहेर.

तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर ते म्हणाले, "मेल्याचा एवढा आग्रह मी कुणाचा पाहिला नाही. हेर साळवी, बरणी ठेवा तुमच्याकडे."

संध्याकाळी पाहिलं, तर उंदीर नव्हता.

नाताळात त्या बरणीत मी लिंबाचं लोणचं घातलं. हेर प्रोफेसरांनी दोनदा मागून घेतलं.