दोन शाळांच्या मधली लेक

नवऱ्याने ग्रीन कार्ड मिळाल्यावर आयटीतली नोकरी सोडली आणि तो अमेरिकन लष्करात भरती झाला, तेव्हा ओळखीतली सगळी मराठी मंडळी चक्रावली. "इथे येऊन आर्मी? अरे, काय हे यार!" एका मित्राने तर तोंडावर विचारलं. आम्ही हसून वेळ मारून नेली. लष्कर म्हणजे बदल्या, हे ठाऊक होतं. लेक बारावीत असताना ऐन जानेवारीत बदली येईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

जॉर्जियातलं घर रिकामं केलं आणि दुसऱ्या राज्यात, वाळवंटातल्या एका लष्करी बेसजवळ येऊन राहिलो. दोन आठवड्यांत नवरा तिथूनच परदेशी ड्यूटीवर गेला. मी आणि लेक त्या अनोळखी गावात उरलो. घराच्या खिडकीतून कुंपण आणि त्यामागे माती, एवढंच दिसायचं.

नव्या शाळेतल्या, मुलांचे विषय ठरवून देणाऱ्या काउन्सेलरने पहिल्याच भेटीत सांगितलं, "आमच्या राज्याचा इतिहास तिने घेतलेला नाही. तो वर्षभराचा विषय आहे. त्याशिवाय तिला मेमध्ये बारावी पूर्ण केल्याचा डिप्लोमा देता येणार नाही."

"पण ती जॉर्जियात जॉर्जियाचा इतिहास शिकलीये," मी म्हटलं.

"तो जॉर्जियाचा," तो शांतपणे म्हणाला.

डिप्लोमा नाही, तर कॉलेजचा प्रवेश नाही. दुसऱ्या दिवसापासून माझी अठराची होत आलेली मुलगी त्या इतिहासाच्या तासाला नववीच्या वर्गात बसू लागली. घरी आली की दप्तर टाकून सोफ्यावर पडायची. एकदा म्हणाली, "आई, दे थिंक आय फेल्ड." मी काही बोलायच्या आत खोलीत निघून गेली.

बेसवर शाळांशी बोलणी करणारी एक बाई होती. तिच्याकडे गेले. तिने समजावलं की लष्करातल्यांच्या मुलांची वारंवार अशी फरफट होऊ नये म्हणून सगळ्या राज्यांनी आपसांत एक करार केलाय. दुसऱ्या राज्यात तसाच विषय झाला असेल तर शाळेने सूट द्यायची, आणि नाकारायची असेल तर योग्य कारण द्यायचं. मला हायसं वाटलं. पण शाळेने कारण दिलं. त्यांचा विषय 'तसाच' नव्हता म्हणे. राज्याच्या कार्यालयात फोन केला, तर तिथला माणूस सहानुभूतीने म्हणाला, "निर्णय शाळेचा आहे." शाळा म्हणे नियम राज्याचा आहे.

मग कळलं की या करारावर देखरेख करणारा एक आयोगही आहे. आता वर कुणीतरी आहे म्हटल्यावर मला धीर आला. नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर तो म्हणाला, "मग सांग ना त्यांना, शाळेला ऑर्डर द्या म्हणावं!" त्याच्या जगात वरून आदेश आला की खाली काम होतं.

मी आयोगाला फोन केला. पलीकडे एक बाई होती, आवाजावरून पन्नाशीची. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही शाळेला हुकूम द्या," मी म्हणाले.

"तो अधिकार आम्हाला नाही," ती म्हणाली. "आम्ही नियम करतो. कराराचा अर्थ काय, ते राज्यांना सांगतो. एखादं राज्य करार पाळत नसेल तर त्याला समज देतो, शिकवतो, आणि तरीही ऐकलं नाही तर कोर्टात खेचतो. पण एका मुलीबद्दल एका शाळेने घेतलेला निर्णय आम्ही फिरवू शकत नाही."

"म्हणजे अख्ख्या राज्याला कोर्टात नेता येतं, पण त्या काउन्सेलरला फोन करता येत नाही?"

"हो. तसंच आहे," ती म्हणाली.

सगळी दारं उघडून पाहिली आणि प्रत्येक दारामागे भिंतच. फोन ठेवणार, तेवढ्यात तिने विचारलं, "जुन्या शाळेशी बोललात?"

"त्यांचा आता काय संबंध?"

"आहे. मूल शेवटच्या वर्षात असेल आणि नव्या शाळेकडून मार्ग निघत नसेल, तर जुन्या शाळेने डिप्लोमा द्यायचा. दोन्ही शाळांनी मिळून तशी व्यवस्था करायची. हेही त्याच करारात आहे. मात्र तिथल्या अटी तिने पूर्ण केल्या पाहिजेत."

इतके दिवस हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी लगेच जॉर्जियातल्या जुन्या काउन्सेलरला फोन लावला. ती दक्षिणेकडची, जीव लावून बोलणारी बाई. "अगं, ती आमचीच पोर!" या अर्थाचं काहीतरी म्हणाली. इंग्लिश आणि गणिताचे इथले मार्क तिने तिथे धरले. इतिहासाची गरजच नव्हती.

मी आनंदाने नव्या शाळेत गेले आणि लेकीला तो इतिहासाचा वर्ग सोडू द्यायची विनंती केली. काउन्सेलर म्हणाला, "सेमिस्टरच्या मधे विषय सोडता येत नाही." लेकीने शेवटपर्यंत तो इतिहास वाचला. शेजारच्या बाकावरच्या मुलींना ती गणित शिकवायला लागली होती, हे मला फार उशिरा कळलं.

मेमध्ये आम्ही गाडीने जॉर्जियाला गेलो. जुन्या मैत्रिणींच्या रांगेत गाउन घालून ती डिप्लोमा घ्यायला स्टेजवर गेली, तेव्हा नवरा माझ्या फोनच्या पडद्यावर होता आणि आवाज तुटत होता. "दिसली का? गेली का?" तो विचारत राहिला. मी फोन उंच धरून उभी होते.

जेवताना लेकीने सांगितलं की ती जॉर्जियातच कॉलेज करणार. "आय वॉन्ट वन अॅड्रेस, आई. फोर इयर्स."

"घे," मी म्हणाले.

ऑगस्टमध्ये तिला होस्टेलवर सोडून मी एकटीच वाळवंटात परतले. नवऱ्याची ड्यूटी अजून संपायची होती, घराचा भाडेकरार मोडता येत नव्हता. शेजारीण सामान बांधत होती. त्यांची बदली आली होती. तिची मुलगी अकरावीत होती. मी चहा टाकला आणि तिला म्हटलं, "बस जरा. तुला काही सांगायचंय."