हलका हात

पेशंटला हात लावण्याआधी डॉक्टर तळहात एकमेकांवर चोळून गरम करायचे आणि म्हणायचे, "घाबरायचं नाही. हवाच आहे, बाहेर काढू." छातीच्या वॉर्डात मी त्यांच्या हाताखाली नर्स होते. हे वाक्य इतकं ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

तुम्ही असा पेशंट पाहिला नसेल, तर सांगते. मोडलेली बरगडी फुप्फुसाला टोचली की कधी कधी आतली हवा कातडीखाली शिरते. छाती, मान, तोंड फुगत जातं. दाबलं तर मुरमुऱ्यांच्या पिशवीसारखं कुरकुरतं. छातीत नळी घालूनही सूज थांबली नाही, तर डॉक्टर गळ्याखालच्या दोन्ही हाडांच्या खाली लहानशी चीर द्यायचे. मग तोंडावरून, मानेवरून हात फिरवत हवा त्या चिरांकडे आणायची. हे हात फिरवणं ते घरच्यांना शिकवायचे. मला ते मुळीच पटायचं नाही. नातेवाईक म्हणजे निम्मं रडणं आणि निम्मी लुडबुड!

एकदा सोयगावकडचे एक म्हातारे ट्रॅक्टरवरून पडून आले. डोळे सुजून मिटलेले, आवाज नाकातून येत होता. सूज गळ्यावर आणखी चढली असती तर श्वासच अडकला असता. मुलगा वाळूजला कामावर, सोबत फक्त एक बाई, डोक्यावर पदर घेतलेली. डॉक्टरांनी चिरा दिल्या, स्वतः हात फिरवला, बुडबुडे येऊ लागले. पण थांबलं की पुन्हा फुगायचं.

"बाई, आता तुम्ही फिरवा वडिलांच्या तोंडावरून हात."

ती मागंच सरकली. "सासरे हायेत माझे. मामांला कसा हात लावू? आमच्यात नाय लावत."

डॉक्टरांनी आपले हात पुन्हा म्हाताऱ्यांच्या मानेवर ठेवले. मग म्हणाले, "बरं. मामांना नको लावू. माझ्या हातावर हात ठेव. हे तर चालेल?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली आणि तिला हातमोजे दिले. डॉक्टरांच्या हातांवर तिचे हात, असे बराच वेळ फिरत राहिले. मग डॉक्टरांनी आपले हात अलगद काढून घेतले. तिचे थांबले नाहीत.

"डागदरसायेब," म्हातारे मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "लई हलका हात हाय तुमचा."

"सवयीचा आहे, आजोबा," डॉक्टर खुशाल म्हणाले. मला हसू आवरेना.

दुपारी सूज उतरली, डोळे किलकिले झाले आणि म्हाताऱ्यांना समोर सून दिसली. तिनं झटकन हात मागं घेतले.

"राहू दे, माय," ते म्हणाले.

डॉक्टर एकदम माझ्यावरच ओरडले, चहा अजून का आला नाही म्हणून. आमच्या वॉर्डात चहा कधीच येत नसे.

म्हातारे बरे होऊन घरी गेले. पुढं तपासणीला आले, तेव्हा डॉक्टर नव्हते. हृदयविकारानं चालता-बोलता गेले होते. मीच सांगितलं, आणि सांगताना मला रडू आवरलं नाही. म्हातारे बाकावर बसले आणि लेकरासारखे हुंदके द्यायला लागले. ओपीडी माणसांनी भरलेली होती. सुनेनं कुणाकडंही पाहिलं नाही. ती त्यांच्याजवळ बसली आणि चारचौघांत त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.