बॉयलरकाकांचं जहाज

दुपारचं जेवण झालं की बॉयलरकाका हात धुऊन अंतराळात मरायला जात. लोक जेवून झोपतात, आमचे हे जेवून मरतात, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तिचं काही चुकत नव्हतं. त्या खेळात माणसाला मरण्याशिवाय फारसं काम नव्हतं.

खेळ जुनापुराणा. मुलीने नवा कॉम्प्युटर घेतल्यावर जुन्यात तो राहून गेला होता. अंतराळात भरकटलेलं, बंद पडत आलेलं एक जहाज. त्यात आपण एकटे जागे, आणि दोन सोबती काचेच्या कपाटांत झोपलेले. त्यांची हवा आपल्या हातात. अंधाऱ्या बोळांतून काहीतरी फिरत असतं. त्याला दिसत नाही, पण पाऊल वाजलं की ते येतं. एक व्हॉल्व्ह उघडा राहिला, की खेळ खलास. मग दयामाया नाही, पुन्हा पहिल्यापासून. मुलीने दोन दिवसांत हात टेकले होते. काकांना मात्र तो चिकटला तो चिकटलाच.

कारण मेल्यावर पडद्यावर एक ओळ यायची. आपण कशाने मेलो ते तीत लिहिलेलं असे. दार लावलं नाही. दाब बघितला नाही. धावलात. मुलीने त्या इंग्रजी ओळींचे अर्थ एकदा सांगितले होते, पुढे काकांना त्या पाठ झाल्या. ओळ वाचून ते मान डोलवत, बरोबर आहे, माझंच चुकलं. इतक्या समाधानाने स्वतःची चूक कबूल करणारा माणूस शोधून सापडला नसता.

बाहेरच्या जगात हे सुख त्यांना मिळालं नव्हतं. ते एका मोठ्या लाँड्रीत बॉयलर चालवायचे. इस्त्रीच्या टेबलांकडे जाणारी वाफेची नळी गंजून पापुद्र्यासारखी झाली होती. बदला, बदला म्हणून त्यांनी मालकाचं डोकं खाल्लं. शेवटी मालकाने नळीवर चंदेरी रंग मारून घेतला आणि म्हणाला, घ्या, झाली नवी. ती नवी नळी एका सकाळी फुटली आणि इस्त्रीवाल्या बाईंचे दोन्ही हात भाजले.

चौकशीला आलेले साहेब मालकाच्या केबिनमध्ये बसले, चहा प्याले आणि काकांना एका शब्दाने न विचारता लिहून गेले: चालकाने दाब जास्त ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी. काकांची नोकरी गेली ती गेली; पण ते बाईंना बघायला गेले, तेव्हा बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून त्यांना एकच हवं होतं. ज्याची चूक त्याच्या पदरात, एवढा साधा न्याय. तो मिळणारी जागा त्यांना एकच माहीत होती, आणि ती अंतराळात होती.

मुलगी सुट्टीला घरी आली. बाबा अजून इंजिनाच्या खोलीपर्यंतही पोचले नाहीत हे बघून तिचा जीव तुटला. तिने इंटरनेटवरून काहीतरी शोधून खेळात घातलं आणि म्हणाली, "आता तुम्ही मरणारच नाही, बाबा. बिनधास्त जा."

लेकीने इतक्या मायेने केलेलं, नको कसं म्हणणार? काका बसले. दार उघडं टाकलं, काही झालं नाही. दाब चढू दिला, काही झालं नाही. अंधारातलं ते आलं, चावलं, ओरबाडलं, आणि काका त्याच्यातून चालत पुढे गेले. मागे काचेच्या कपाटांतले दिवे एक-एक करून विझले. मरण टळलं होतं ते फक्त खेळणाऱ्याचं. जहाज घरी पोचलं, पडद्यावर झेंडे नाचले आणि ओळ आली: अभिनंदन.

मुलीने टाळ्या वाजवल्या. झेंडे नाचत होते आणि काकांना मात्र ती चंदेरी नळी दिसत होती.

"आमचा मालक असाच घरी गेला बघ," ते म्हणाले. "मागे काय जळलं, त्याला वाचायलासुद्धा लागलं नाही."

मुलीने खुर्ची जवळ ओढली. त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"बाबा, किती वर्षं मनाला लावून घेणार? तुम्ही काही मुद्दाम केलं नव्हतं. चूक कोणाच्याही हातून होते."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर नुसती माया होती. साहेबांनी लिहिलेलं कधीच घरात शिरलं होतं, आणि इतकी वर्षं बायकोसकट सगळ्यांनी मोठ्या मनाने त्यांना माफ करून टाकलं होतं.

"हो," काका म्हणाले. "होते."

मग त्यांनी तिला खेळ पहिल्यासारखा करून द्यायला सांगितलं.