खांबाला हात लावून मी जे बोलले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असालच, तर 'पुतळा काढायला लावणाऱ्या बाई' म्हणून. तेच तर खुपतंय.

सोलापुरात आमच्या खो-खोच्या मैदानाच्या फाटकाशी सरांचा अर्धपुतळा होता. सर म्हणजे आमचे प्रशिक्षक. ते वारले आणि मंडळानं हौसेनं पुतळा बसवला, गळ्यातल्या शिट्टीसकट. गुरुपौर्णिमेला त्याला हार घालणाऱ्यांत मी पुढं असायची. मग मागच्या वर्षी एका खेळाडू पोरीनं तोंड उघडलं. दुखऱ्या पायाला मालिश करून देतो म्हणून सर मुलींना खोलीवर बोलवायचे, आणि — पुढचं मी लिहीत नाही. तिनं सांगितलं, ते बास झालं. तिच्यामागून आणखी काहीजणी बोलल्या. 'पुतळा हटवा' म्हणून बायका जमल्या, त्यांच्या पुढं मी. सरांची जुनी कॅप्टन, आता शाळेत पीटीच्या बाई — माझ्या शब्दाला वजन होतं. लोक म्हणाले, काय धाडसाची बाई आहे! अहो, कसलं धाडस?

शालनबद्दल सांगते. सांगायलाच हवं.

शालन माळशिरसकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मीही तिकडचीच. तिचा बाप — आन्ना म्हणायची ती त्याला — तिला वसतिगृहात सोडायला आला, तेव्हा सगळ्यांदेखत मला म्हणाला, "पोरगी तुझ्या पदरात घातलीया, बाय." मी तिच्याहून दोन यत्ता पुढं. ती मला आक्का म्हणायची. अंगानं काडी, पण पळायला लागली की कुणाच्या बापाला सापडायची नाही. मला तिचं कौतुक होतं. थोडी असूयाही होती — लपवू कशाला?

आमच्या मैदानावर एक रीत होती. पळणारीला हात लागला की नाही, असा वाद झाला, तर कॅप्टननं खांबाला हात लावून सांगायचं. ती म्हणेल ते खरं. मग ती समोरच्या संघाची असली तरी चालायचं. आईशी खोटं बोलणाऱ्या पोरीसुद्धा खांबापाशी खोटं बोलत नसत. मीच कितीदा आमच्याच मुलीला बाद दिलं होतं, हातचा सामना घालवला होता. म्हणून माझा हात म्हणजे — जाऊ दे.

एका संध्याकाळी शालन जेवायला आली नाही, म्हणून मी तिला बघत सरांच्या खोलीपर्यंत गेले. दार लावलेलं. आतून तिचा आवाज आला. "सर, सोडा की. जाऊ द्या मला." मी दार वाजवलं का? नाही. हाक मारली का? तेही नाही. उभी राहिले आणि माघारी आले. ती आली तेव्हा तिला भाकरी वाढली. तिनं ताटाला हात लावला नाही. मी विचारलंही नाही.

तिनं बापाला सांगितलं. बाप धावत आला. मंडळाची वडीलधारी माणसं मैदानात जमली, सर मान ताठ ठेवून बसले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, कॅप्टनला खांबाला हात लावून विचारा की! एवढी मोठी गोष्ट, आणि ती पळणारी बाद की नाबाद ठरवावी तशी ठरवायची! कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. शालनलासुद्धा नाही. उलट तिचा चेहरा सैल झाला. आक्का सांगेल, असं तिला वाटलं.

राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. नाव सर देणार होते. त्या निवडीवर पुढं नोकरी मिळते, हे मला चांगलं ठाऊक होतं. घाबरले होते म्हणू? घाबरले होतेच. पण हाव जास्त होती.

मी खांबाला हात लावला आणि म्हणाले, "असलं काय न्हाय. शालन खोटं बोलतीया."

बापानं सरांपुढं हात जोडले. पोरीच्या वतीनं माफी मागितली. मग तिचं मनगट धरून तिला फाटकाबाहेर नेलं. माझी निवड झाली. नोकरीही लागली.

तुम्ही म्हणाल, पोरवय होतं तुझं. मीही स्वतःची अशीच समजूत घालत आले. पण थांबा, अजून संपलेलं नाही.

पुतळा उतरवला त्या दिवशी क्रेन आली होती. दोर बांधून त्याला खाली घेतलं, आडवा ठेवला. मग माझ्या हातात माइक दिला. बोलायला तोंड उघडलं, आणि गर्दीत शालन दिसली. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात असते, हे ऐकून होते. अंगात कारखान्याचा निळा डगला, खांद्याला डब्याची पिशवी. पाळी सुटल्यावर थेट आली असणार. ती पुतळ्याकडं बघतच नव्हती. माझ्याकडं बघत होती.

आता काय अडचण होती? नोकरी पक्की. सर मेलेले. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते ऐकायला जिनं यायला हवं तीच समोर उभी होती.

मी म्हणाले, "आम्हा मुलींना तेव्हा कशाचीच कल्पना नव्हती. असती, तर सगळ्यात आधी मी उभी राहिले असते."

टाळ्या पडल्या. शाल घातली. मी ती घेतली.

नंतर शालन जवळ आली. वाटलं, आता थोबाडीत मारते. तिचा आवाजसुद्धा चढला नाही. "आन्ना गेलं की गं परसालच्या पाऊसपान्यात," म्हणाली. "मरस्तवर मला खोटारडीच म्हनत व्हतं." आणि बस गाठायला निघून गेली. मी तिला थांबवलं नाही.

शालन खरं बोलत होती. मला ते तेव्हाही माहीत होतं, माइक हातात होता तेव्हाही. तिच्या बापाला हे आता कुणीच सांगू शकत नाही.