गुरुजींच्या मशीनचे सेल

लाखनीत हायवेला माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. मी बोलतो कमी, किस्से सांगणं तर लांबच! पण एकदा जुनं चेस कॉम्प्युटर दुरुस्त केलं आणि किस्से स्क्रूंसारखे साचायला लागले. कोणता कुठला, आठवत नाही. डबी मात्र भरलेली!

या मशीनला खरा पट असतो. सोंगटी दाबून आपण चाल खेळायची. मशीन स्वतःची चाल लाल दिव्यांनी दाखवतं, त्याची सोंगटीही आपणच हलवायची.

*

पहिलं मशीन आणलं मोहाडीच्या नामदेवकाकांनी. त्यांचं किराणा दुकान आहे.

"बेइमानी करून राहिलं हे! याचं प्यादं पहिल्याच चालीत दोन घरं उडते!"

मलाही गावचाच खेळ येत होता, प्यादं एकच घर. दोन दिवस मशीन उघडून बिघाड शोधला! शेवटी मोबाइलवर नियम वाचला, प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं, आणि काकांना भीतभीत सांगितलं.

काका म्हणाले, "म्हंजे चाळीस वर्षं आमीच बिघडलो होतो?"

*

दसऱ्यानंतर त्याच मशीनचं मधलं एक घर चालेना. उघडलं, तर आत पिवळा-लाल थर!

"काका, पूजा केली का याची?"

"मंग? तराजूची करतो, याची काहून नाही?"

स्पिरिटने पुसलं, घर चालू झालं. यंदा काकांनी मशीनला आधी प्लास्टिकची पिशवी घातली, मग हळद-कुंकू वाहिलं!

*

एकोडीचे गुरुजी रिटायर झालेले गणिताचे मास्तर. त्यांच्याकडेही असंच मशीन. नववीत त्यांनी मला नापास केलं, त्यानंतर मी शाळेत गेलोच नाही. एकदा काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा फोन आला.

"मशीन बोलत नाही, अन् गुरुजी जेवत नाहीत!"

"काकू, मशीनच्या खाली रिसेटचं बारीक छिद्र आहे. पिन टोचा."

फोनवर बीप ऐकू आलं.

काकू म्हणाल्या, "आता गुरुजींले कुठं टोचू?"

*

वीस वर्षांत गुरुजींनी त्या मशीनला एकदाही हरवलं नव्हतं. मागच्या महिन्यात ते ऑटोतून उतरले, मशीन दोन्ही हातांवर, बाळासारखं! चालूच होतं.

"मी जिंकून राहिलो रे! पन सेल उतरले. बंद पडलं तर डाव पुसून जाईन!"

"गुरुजी, डाव कागदावर लिहून घेऊ, मग परत मांडू."

"ते कॉपी होईन!"

एकच उपाय होता. जुने सेल आत असतानाच नवे सेल वायरने जोडायचे, मग जुने काढायचे. वायर उलटी लागली की मशीन गेलं.

गुरुजी वाकून म्हणाले, "प्लस-मायनस नीट पाहाजो!"

"गुरुजी, तेवढंच येते मले."

जुने सेल काढले. दिवा मिणमिणला... आणि भक्कन पेटला!

गुरुजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. तिथेच काउंटरवर, मोबाइलच्या कव्हरांमध्ये, अकरा चाली खेळले. अकराव्या चालीला मशीनने हार मानल्याचा दिवा लावला. रस्त्यावरचा ऑटोवालाही टाळ्या वाजवायला लागला!

गुरुजी त्या दिव्याकडे बघत राहिले. मग एकदम माझा हात धरला.

"सेल काढ, लवकर काढ! नाहीतर ते परत डाव मांगन!"